चतोये म्हणाले

"चणीपा चदे ना," लिफ्टमधली एक मुलगी दुसरीला म्हणाली, आणि दुसरीनं दप्तराच्या कडेला खोचलेली बाटली काढून तिच्या हातात दिली. एवढंच झालं. दोघी शाळेच्या गणवेशात, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्या. मी कोपऱ्यात पर्स पोटाशी धरून उभी होते आणि माझ्या मनात आलं, अरे वा, हिला चिनी येतं. कौतुकानं मी हसलेसुद्धा असेन. कारण चणीपा म्हणजे पाणी, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं. मग बाटली परत देताना ती पहिली माझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत पुटपुटली, "चईबा चघब चशीक," आणि दोघी फिस्सकन हसल्या. माझ्या डोक्यात काहीतरी उलटं फिरलं. बाई बघ कशी. मी विचारलं, "कुठली भाषा गं ही?" तिनं माझी कीव केल्यासारखं उत्तर दिलं, "च-ची भाषा, काकू. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा. कुणालाही येते." माझा मजला आला, दार उघडलं, आणि मी उतरायची विसरले. दातांच्या डॉक्टरच्या दारापर्यंत वर जाऊन, रिकाम्या लिफ्टमधून एकटीच खाली आले.

कुणालाही येते. मला सोडून, असं तिला म्हणायचं असावं. माझा धंदा कानांचा. लोकांना किती ऐकू येतं हे मी तपासते, यंत्र बसवून देते, नीट ऐकू यायला लागलं की ते घरच्यांशी भांडायला मोकळे होतात. माझ्या दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे, कपाटाहून थोडी मोठी. तिच्या भिंतींना करडा स्पंज आहे आणि दार लावलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. त्या दिवशी पेशंट यायच्या आधी मी तिच्यात जाऊन बसले. एरवी मी काचेच्या बाहेर असते आणि माइकमधून शब्द सांगते, फूल, दार, खडू, आणि आतला माणूस ऐकलं तसं परत म्हणतो. अर्थ लागला नाही तरी चालतं, मी त्यांना सांगते, अर्थाच्या भानगडीत पडू नका, कानावर पडलं ते फक्त म्हणा. आत बसून मी एकेक शब्द काढून उलटा करायला लागले. मटार सोलावेत तसे ते सुटत गेले. चठमी, मीठ. चलते, तेल. चबीको, कोबी. बाबा काउंटरवरून आत ओरडायचे ते "चनदो चपसू!" म्हणजे दोन सूप. माझ्या लहानपणातलं सगळं चीन त्या कपाटात एकेक अक्षर करत संपलं.

बाबांनी ते हॉटेल काढलं तेव्हा त्या गावातल्या कुणी चिनी जेवण पाहिलेलं नव्हतं, बाबांनीही नव्हतं. हमरस्त्याला लागून जागा होती, पुढे जेवणाचा हॉल, मागे अंगण, अंगणापलीकडे मुक्कामाच्या खोल्यांची बुटकी ओळ. पाटी रंगवणाऱ्यानं ड्रॅगन काढला तो मिशा फुटलेल्या पालीसारखा दिसायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि बाबा त्यांच्याहून मोठ्यानं हसायचे. बाबांना तमाशा आवडायचा, तो कधी आपल्यावर उलटेल हे त्यांच्या गावीही नसायचं. लाल कागदी कंदील त्यांनी स्वतः चिकटवले. आचारी त्यांना कुठल्याशा खाणावळीत सापडला होता. मूळचा कुठलातरी आपल्यातलाच, शिंप्याच्या घरातला, फक्त डोळे बारीक आणि चेहरा चपटा. बाबांनी त्याला लाल रेशमी टोपी घातली आणि गावभर सांगितलं, खास मागवलाय. अट एवढीच होती की गिऱ्हाइकांसमोर त्यानं आपली भाषा बोलायची नाही. मग कुठली बोलायची, तर ही. बाबा मोठ्यानं ओरडायचे, आतून तो ओरडून उत्तर द्यायचा, आणि ट्रक थांबवून उतरलेले ड्रायव्हर चमचे खाली ठेवून ऐकत राहायचे. त्याला सगळे चिनी म्हणायचे. मी काका म्हणायची.

काका चिनी नव्हता हे मला पुढे कळलंच, कॉलेजात असताना, कुणीही न सांगता, वयाबरोबर गोष्टी आपोआप कळतात तसं. पण शब्द खरे असतील असं मी धरून चालले. कुठेतरी शिकला असेल, कुणा खऱ्या चिनी उस्तादाच्या हाताखाली राबला असेल. माणूस खोटा निघाला तरी शब्द खरे असू शकतात, असा काहीतरी माझा हिशेब होता, आणि तो तपासून बघावासा मला कधी वाटला नाही. कारण ते शब्द त्यानं मला दिले होते. मी पोत्यावर बसायची, तो कोबी चिरायचा. त्याचा सुरा इतका भरभर चालायचा की आवाज तुटत नसे, आणि त्या आवाजावर तो मला एकेक शब्द द्यायचा. मी बरोबर म्हटला की गाजराचा एक तुकडा मिळायचा. बाबांनी मला कधी काही शिकवलं नाही, त्यांना वेळ नव्हता, त्यांना फक्त लोकांसमोर मला उचलून घ्यायला आवडायचं. आईला तर माझ्याकडे बघायलाही सवड नसे. ती खोल्यांकडच्या खिडकीत बसायची, मागे फळीवर किल्ल्या, प्रत्येक किल्लीला लाकडाचा ठोकळा, म्हणजे गिऱ्हाईक खिशात घालून पळणार नाही. मला जर कुणी माणसासारखं वागवलं असेल तर काकानं, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं. मुलीला झोपवताना मी तिला चिनी शब्द शिकवले. ती आता परदेशात असते, तिनं तिकडे कुणा खऱ्या चिनी माणसासमोर ते म्हटले नसतील अशी आशा आहे.

आणि मी नुसती शिकत नव्हते, मी दुभाषी होते. ही माझी मोठी ऐट होती. दुपारी जेवणाची वर्दळ ओसरली की हॉल ओस पडायचा, बाबा पंख्याखाली काउंटरवर हातांत डोकं घालून झोपायचे, आणि अंगणापलीकडून आई मला हाक मारायची. वाकून माझ्या कानात सांगायची, "काकाला जाऊन सांग, चकामीरि. त्याच्या कानात सांगायचं हं, ओरडायचं नाही, बाबा झोपलेत." मी विचारलं होतं याचा अर्थ काय. म्हणाली, "आईला भूक लागलीय." मी तापलेल्या अंगणातून धावत जायची, वाटेत शब्द सांडू नये म्हणून तोंड घट्ट मिटून. काका वाकायचा, मी सांगायची, तो क्षणभर भट्टीकडे बघायचा आणि म्हणायचा, "सांग, चतोये." याचा अर्थ, करतो तयार. कधीकधी नुसतं "चकोन," म्हणजे आज काही उरलं नाही. मी उलटी धावायची. आई चादरींच्या घड्या घालत असायची, मान वर न करता विचारायची, "काय म्हणाले?" मी सांगायची, "चतोये म्हणाले." मग तिचा हात केसांकडे जायचा, कानामागची बट नीट करायची, आणि ती फळीवरची शेवटची किल्ली काढायची. थोड्या वेळानं काका झाकलेली ताटली घेऊन अंगण ओलांडायचा. मला तो पोत्यावर बसवून जायचा. "भट्टीकडे लक्ष ठेव," म्हणायचा, "तुझ्याशिवाय कुणावर सोपवू?" मी भट्टीच्या निळ्या ज्योतीकडे डोळे न हलवता बघत राहायची.

स्पंजाच्या खोलीत हे दोन शब्द मी सगळ्यांत शेवटी काढले. मुद्दामच असेल. चतोये. पहिलं अक्षर शेवटी गेलंय, ते पुढे आणा. येतो. चकोन, नको. चकामीरि. यातला रि पुढे आणला, आणि मग मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रिकामी. सहा नंबर रिकामी आहे. ओळीतली शेवटची खोली, छत गळतं म्हणून आई कुणाला द्यायची नाही ती. आईला भूक लागलीय असं तिनं मला सांगितलं होतं, आणि आता मला हसूही आलं, कारण तेवढं खोटं नव्हतं.

बाहेर पेशंट आला होता. आजोबा, सोबत सून. मी काचेबाहेर जाऊन बसले आणि शब्द सांगत गेले. आजोबांनी फूलला मूल म्हटलं आणि खडूला लाडू. मी खुणा करत होते. मला राग येत होता, पण कुणावर सुरू करावा हे कळत नव्हतं. आईवर येईना, निदान आधी येईना. आई मला कधी माझी वाटलीच नव्हती, तिनं फसवलं तर ते तिच्या स्वभावाला धरून होतं. राग येत होता तो काकावर. गाजराच्या त्या तुकड्यांवर. माझ्याशी तो खेळतोय असं मला वाटायचं आणि तो मला तयार करत होता, कबुतर तयार करतात तसं, अर्थ न कळता निरोप पोचवायला. मग वाटलं, नाही, शब्द तर तो निरोप सुरू व्हायच्या आधीपासून शिकवत होता. मग वाटलं, काय माहीत. हेच सगळ्यांत वाईट होतं. आता प्रत्येक दुपार पुन्हा काढून उन्हात धरून बघावी लागणार होती.

आत्या म्हणायची, तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं, नवराबायकोला दोन शब्द बोलायची सोय नाही. तर तुझ्या बापानं तिला कसलीशी भाषा शिकवली आणि सगळ्यांसमोर दोघं राजरोस चिवचिवायची, आम्ही तोंडं बघत बसायचो. आत्या हे हसून सांगायची आणि मी हसून ऐकायची. ती कसली भाषा, हे विचारायचं मला सुचलं नाही. म्हणजे ती आधी त्यांची होती. बाबांनी ती घरातून उचलून हॉटेलात आणली, आणि आईनं ती हॉटेलातून उचलून सहा नंबरमध्ये नेली.

मग काका निघून गेला त्या दिवशी काय झालं होतं, हे मला कळलं. नवीन काहीच आठवलं नाही. सगळं आधीपासून आठवतच होतं, फक्त आजवर ते काही सांगत नव्हतं. भाजीची गाडी आली नव्हती म्हणून काका पुढच्या दारानं सायकल घेऊन बाजारात गेला होता. आईच्या खिडकीतून पुढचं दार दिसत नसे. मी निरोप घेऊन धावत आत आले तर भट्टीपाशी बाबा उभे. काकाचा एप्रन लावून स्वतःसाठी नूडल्स उकळत होते, घामाघूम, खुशीत. "काय गं, एवढी काय गडबड?" म्हणाले. मी म्हटलं, काकासाठी निरोप आहे, चिनी आहे. "अरे बाप रे," म्हणाले, "मग मला सांग की, मलाही चिनी येतं." ते खरंच होतं, त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. ते वाकले, मी त्यांच्या कानात सांगितलं, "चकामीरि. आईनं सांगितलंय." ते वाकलेलेच राहिले. त्यांच्या कानाच्या पाळीवर पिठाचा ठिपका होता, तो मला आत्ताही दिसतो. मग हळू आवाजात म्हणाले, "असं. आणि काका काय उत्तर देतो?" मी हुशारीनं दोन्ही उत्तरं सांगितली. त्यांनी थोडा विचार केला. मग सरळ झाले, एप्रनला हात पुसले आणि म्हणाले, "मग जाऊन सांग, चतोये."

मी गेले. आई म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "चतोये म्हणाले." तिचा हात केसांकडे गेला. मी परत आले तेव्हा बाबा पाठमोरे अंगणात निघाले होते, ताटलीबिटली काही न घेता. मी पोत्यावर बसून भट्टीकडे लक्ष ठेवलं. पाणी उतू गेलं, ज्योत विझली, गॅसचा वास सुटला तरी मी जागची हलले नाही, कारण मला कुणी हलायला सांगितलं नव्हतं. काका आला, आधी त्यानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मग विचारलं, "निरोप आला होता का?" मी म्हटलं, हो, बाबांना दिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. आजपर्यंत मी समजत होते ते प्रेमानं बघितलं. त्यानं रेशमी टोपी काढली, खुंटीला अडकवली, नळाखाली हात धुतले, आणि पुढच्या हॉलमधून, रिकाम्या टेबलांच्या मधून, बाहेर पडला. मला एक शब्द बोलला नाही. ना खरा, ना चिनी.

हॉटेल त्यानंतर थोडे महिने रखडलं. आचारी आले आणि गेले, कंदील फाटले ते बाबांनी पुन्हा चिकटवले नाहीत. गावाबाहेरून नवा रस्ता निघाला आणि सगळ्यांना सांगायला कारण मिळालं, रस्त्यानं धंदा खाल्ला. मला दूरच्या शाळेत घातलं. बाबा गेले तोपर्यंत दोघं एका घरात राहिली, जेवलीखावली, पाहुण्यांसमोर हसली. खोल्यांच्या ओळीत आता टायरचं गोदाम आहे म्हणतात. आणि आई हॉटेलचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, "त्या चिन्यानं घात केला." लोकांना वाटायचं, ऐन वेळी सोडून गेला म्हणून. मी दर वेळी त्याची बाजू घेऊन तिच्याशी भांडले. आज पहिल्यांदा मला कळलं की ती काय म्हणत होती. तिला येतो म्हणून निरोप आला, आणि दार उघडलं तर नवरा उभा. तिच्या लेखी काकानंच बाबांना सांगितलं, स्वतःची कातडी वाचवली आणि पळाला. इतकी वर्षं ती हेच गिळत आली होती, आणि ते साफ खोटं होतं, आणि खरं काय ते या जगात आता फक्त मला माहीत होतं.

मी घरी गेले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. ती माझ्याकडे राहते, तक्रार कमी करते, ऐकू न आल्यासारखं करते. पण तिच्या दोन्ही कानांत मी स्वतः बसवलेली मशिनं आहेत, तिला किती ऐकू येतं ते मला तिच्याहून चांगलं माहीत. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. तू मला वापरलंस. मी किती लहान होते. बाबांना त्यांच्याच शब्दांत फसवलंस. सगळी वाक्यं चांगली होती. तिच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघितलं आणि एकही आठवेना. मी चपला काढल्या, तिच्या खुर्चीपाशी गेले, आणि वाकून तिच्या कानात म्हटलं, "चतोये म्हणाले."

तिचा हात केसांकडे गेला. मटाराचा दाणा बोटांत तसाच होता, तो धरूनच तिनं कानामागची बट नीट केली, जी आता नव्हतीच. मग तो हात मध्येच थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत आधी भीती आली, ती मला हवीच होती. मग ती भीती गेली आणि ती काहीतरी जुळवताना दिसली, अगदी सावकाश. इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न तिनं विचारला.

"कोण म्हणाले?"

मला गप्प बसता आलं असतं. काकाला मी तसंच गुन्हेगार राहू दिलं असतं, ती त्याला शिव्या देत सुखानं मेली असती, आणि त्यानं माझं जे केलं त्याची तेवढी शिक्षा त्याला पुरली असती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"बाबा," मी म्हणाले. "काका बाजारात गेला होता. आत बाबा होते. त्यांनीच उत्तर दिलं."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तो पीं पीं आवाज चालला होता. मी वाट बघत होते ती रडण्याची, माफी मागण्याची, निदान नजर चुकवण्याची. तिनं नजर चुकवली नाही. ती माझ्याकडे बघत होती ती मी सकाळपासून मनात काकाकडे बघत होते तशी.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस कोण. तू नुसतं काय म्हणाले एवढंच विचारायचीस."

"तू आणलास तो निरोप. तुझ्या तोंडानं." तिचा आवाज अगदी साधा होता. "आणि मी त्याला... आयुष्यभर त्याला."

मी म्हणाले, "आई, मला काय कळत होतं?" पण तिनं तोवर दोन्ही कानांतली मशिनं काढली होती. ती तिनं एका मुठीत आवळली आणि दुसऱ्या हातानं मटार सोलू लागली. मुठीत दाबली की ती यंत्रं शिट्टी वाजवतात, मी पेशंटांना पहिल्याच दिवशी सांगते, घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. ती बारीक शिट्टी वाजत राहिली, तिला ती ऐकू येत नव्हती. मी समोर बसून ऐकत होते.